सोळा नंबरची खिडकी

विश्रांतवाडी, २९ नोव्हेंबर

साडेबाराला जेवायला या म्हणे! ओटी दहाला आणि आईला साडेबाराला. म्हणजे तू पाटावर बसणार, बायका ओळीने ओटी भरणार, हसणार, फोटो काढणार, तुला उठवणार, पाट पुसून भिंतीला लावणार, आणि मग सख्खी आई पिशवी घेऊन जिना चढणार. जिलबी खायला. जिलबी मला मंडईतही मिळते, त्यासाठी पोरीला सातवा महिना लागायला नको.

ऋतुजा, आशीर्वाद शेवटी लिहीन. रागात दिलेला आशीर्वाद लागत नाही.

तुझ्या सासूबाईंचा फोन आला होता. गोड बोलल्या. "सोजरताई, दहा जानेवारीला ऋतुजाची ओटी भरायची ठरवलंय. तुम्ही आपल्या सावकाश या, साडेबारापर्यंत. लांबून यायचं, ट्रॅफिक असतं." विश्रांतवाडीहून कर्वेनगरला ट्रॅफिक असतं हे मला सांगतात. मी विचारलं, ओटी किती वाजता? तर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, दहाच्या सुमारास. थांबल्या ना, तिथेच मला कळलं.

मी विधवा आहे हे मला ठाऊक आहे. तुझे वडील गेल्यापासून रोज सकाळी उठल्या उठल्या ठाऊक असतं, त्यासाठी कुणी वेळ ठरवून द्यायला नको. पण एक सांग. दहा जानेवारी म्हणजे पौष. पौषात कुणी ओटी भरतं का? पण तुझं विमानाचं तिकीट तेव्हाचं आहे, म्हणून चालतं. पौषाला सूट आहे. मला नाही.

आता तू म्हणशील, आई, फोन कर ना. फोनवर मी चिडते आणि तू कट करतेस. कागद कट होत नाही. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढ्यात जेवढं येतं तेवढं लिहिते, फोटो काढते आणि पाठवते. दोन निळ्या टिका आल्या की वाचलंस हे मला कळतं. अक्षर वाकडं आहे. वाच.

अजून एक. तुझे आमोदराव परवा फोनवर बोलता बोलता म्हणाले की शेजारच्या व्हेरेनाबाईंनी तुला जिन्यात धरून विचारलं, यंदा सोळा डिसेंबरला तुमच्या सोळा नंबरच्या खिडकीला तुझी आई येणार का, आणि तू सांगितलंस, तिला इथली थंडी सोसत नाही.

मला? थंडी?

मागच्या वर्षी सहा आठवडे मी झुरिकला होते. तू सातला घराबाहेर पडायचीस ती अंधार पडल्यावर यायचीस. मी घरात बसून काय करणार होते? तिथे हिवाळ्याचं एक पुस्तक घरोघरी टाकतात. बर्फावर घसरायला कुठे जायचं, गायला कुठे, शिवायला कुठे, एकट्या माणसाने सूप प्यायला कुठे. वाचता येत नव्हतं, पण चित्रं होती. चित्रं बघून गेले. बर्फावर गेले. पोरं प्लास्टिकचं एक जनावर धरून ढकलत ढकलत शिकतात, तसलंच मी धरलं. पाचवारी साडी, आत तुझं थर्मल, वर आमोदरावांचं जाकीट. पडले नाही. तू दोनदा पडलीस ते मला माहीत आहे. सलगम कोरून आत दिवा ठेवतात, तिथेही गेले. पहिला आरपार कोरला आणि दिवा खाली पडला. दुसऱ्यावर बैल काढला. सगळ्यांनी कुत्रा म्हणून कौतुक केलं. मी म्हटलं, असू दे.

ती मी. थंडीचं कारण पुन्हा सांगू नकोस. व्हेरेनाबाईंना खरं काय ते सांग.

आई


विश्रांतवाडी, २ डिसेंबर

ऋतुजा,

निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी माझं सांगते.

काल आपल्या सोसायटीत पहिली खिडकी उघडली. माझी. तुमच्याकडे करतात तशीच. डिसेंबरात रोज एका घराची खिडकी सजवायची, आत दिवा लावायचा, त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी यायचं, काहीतरी गरम प्यायचं, दोन शब्द बोलायचे आणि घरी जायचं. यात परदेशी काय आहे सांग. आपण विसरलो, त्यांनी ठेवलं, एवढंच.

दिवाळीपासून मी घरोघर फिरत होते. इमारत आपल्या ज्वारीच्या वावरावर उभी आहे म्हणून लोक मला आधी मान देतात आणि मग पार्किंगवरून भांडतात. खिडकी म्हटल्यावर बघायला लागले, बाईला काही झालं की काय. पहिलं नाव कुणी देईना. म्हणून पहिली मीच.

काचेवर तांदळाच्या पिठीने चित्र काढलं. विहीर, मोट, ज्वारीची कणसं. मागून पिवळा दिवा. खालून बघितलं तर आपलं वावर पुन्हा उगवलंय असं दिसत होतं. मला स्वतःलाच जरा वेळ जिन्यात उभं राहावं लागलं.

सातच्या आत चेअरमन दीनानाथराव हजर. बँकेतून रिटायर झालेत पण अजून काउंटरच्या मागेच उभे असतात.

"सोजरबाई, खिडकी उघडायला परवानगी लागत नाही. खिडकीखाली माणसं जमवायला लागते."

"मग खाली जमू नका. वर या."

"वर किती जणांची सोय आहे?"

"तुम्ही दारातून सरकलात तर बरीच."

आत आले. हुलग्याचं माडगं केलं होतं, मिरी-लसूण घालून, कढत. कपात बघून म्हणाले, हे काय आहे? म्हटलं, प्या, मग कळेल. प्यायले. पुन्हा कप पुढे केला आणि म्हणाले, "बरं आहे. पण आधी नोटीस लावायला हवी होती." आज सकाळी त्यांनी स्वतःच लावली. "रोज संध्याकाळी सात वाजता एक खिडकी उघडेल. रहिवाशांनी खिडकी पाहावी व आपापल्या घरी जावे." खाली तारखा. बारा तारखेपुढे त्यांचं नाव, सगळ्यात ठळक, आणि कंसात 'पेटीवादन'.

समोरच्या फ्लॅटमधली निशा, ती आयटीवाली, लेकरू कडेवर घेऊन आली. "काकू, सो क्यूट! मी चार वर्षं इथे राहते, तुमच्या घरात पहिल्यांदा आले." म्हटलं, चार वर्षं मी इथेच होते, दारही इथेच होतं. हसली. जाताना भांडी घासून गेली. पोरगी चांगली आहे, फक्त दार लावून राहते.

बायका बऱ्याच आल्या. बायकांचं जे करायचं असतं ते सगळं नीट केलं. कुणाला कमी वाटलं नाही.

तुमच्याकडे खिडकी उघडते तेव्हा लोक बाहेर रस्त्यावर उभे राहतात. मी मागच्या वर्षी त्यांना वर बोलावलं, ते चुकलं म्हणालीस. इथे मी पुन्हा वरच बोलावलं. बर्फात माणसं उभी ठेवून आत दिवा लावायचा हे मला जमत नाही. माझी खिडकी, माझी पद्धत.

आई


विश्रांतवाडी, ४ डिसेंबर

तुझं उत्तर आलं. एक ओळ. "आई, प्लीज, मागच्या वर्षीचं उकरू नकोस, आणि ओटीचं आईंनी ठरवलंय, मी काय करू."

काय करू! इंजिनीअर बाई, एवढी यंत्रं चालवतेस आणि एक वाक्य चालवता येत नाही? 'माझी आई दहाला येईल.' एवढंच वाक्य.

आणि उकरू नको म्हणतेस, तर मी पुरलंच नव्हतं. ते वरच आहे.

सोळा डिसेंबर. तू नाव दिलं होतंस आणि ऑफिसात अडकलीस. सकाळी फोन, "आई, काहीतरी लाव खिडकीला, लाइटची माळ असेल बघ कपाटात." माळ नाही लावली. दिवसभर स्टुलावर उभं राहून काच भरली. तू आलीस, खाली रस्त्यावर थांबलीस आणि वर बघत राहिलीस. मी पडद्यामागून बघत होते. त्या क्षणी तू खूश होतीस, नाही म्हणू नकोस.

मग मी सगळ्यांना वर बोलावलं. माडगं दिलं. पोरांनी तोंडं वाकडी केली, व्हेरेनाबाईंनी दोन कप घेतले. आणि दाराशी आलेली बाई तशीच कशी पाठवायची? मी करंडा काढला. पहिलं तुला लावलं. मग ओळीने सगळ्यांना, हळद आणि कुंकू. गोऱ्या कपाळावर काय उठून दिसतं! कुणी विचारलं नाही कोणाचा नवरा आहे, कोणाचा गेला, कोणाचा पळाला. व्हेरेनाबाईंचाही गेलेला, ते फोटोवरून मला कळलं होतं. त्यांना लावलं तर त्यांनी माझ्या हातातून करंडा घेतला, बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावलं. त्यांना काय माहीत! त्यांना वाटलं, एकीने लावायचं, दुसरीने परत लावायचं, अशीच रीत आहे.

सहा वर्षांत पहिल्यांदा, ऋतुजा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी स्वयंपाकघरात आणखी माडगं आणायला गेले. बाहेर तुमच्या मंडळातली ती मैत्री नावाची पोरगी तुला विचारत होती, "अगं, तुझ्या आईंना चालतं हे?" आणि तू म्हणालीस, "तिला काही कळत नाही गं. खेड्यातली आहे ती."

भांडं गॅसवर होतं. माझ्या हातात पळी होती. ती मी खाली ठेवली नाही, तशीच धरून उभी राहिले.

सगळे गेल्यावर तू म्हणालीस, "ते पूस आई. फोटो आमोदच्या आईकडे जातील." मी पुसलं. आणि तिकीट बदलून चार दिवसांत घरी आले. विमानतळावर तू माझ्या गळ्यात पडलीस, रडलीस. मी नाही. माझं चुकलं असेल. पण कळत नाही असं नव्हतं. सगळं कळत होतं. म्हणून तर लावून घेतलं.

खेड्यातली म्हणालीस ते खोटं नाही. विश्रांतवाडी तेव्हा खेडंच होतं. तूही तिथलीच.

आई

ता. क. रविवारी कर्वेनगरला जातेय. तुझ्या सासूबाईंना समोरासमोर विचारते. आमोदरावांना सांगून त्यांना आधी फोन करायला लावू नकोस.


विश्रांतवाडी, ७ डिसेंबर

ऋतुजा,

जाऊन आले.

दार सुशीलाबाईंनीच उघडलं. हातात पेपर, नाकावर चष्मा. "या सोजरताई. साडेबाराला बोलावलं होतं, पण ते जानेवारीत." बोलण्यात कात्री आहे बाईंच्या. तीस वर्षं शाळेत पोरं सरळ केलेली, विहिणीला काय सोडतात!

मी बसले नाही. म्हटलं, "विहीणबाई, सरळ विचारते. तुमच्या घरात विधवेने ओटी भरलेली चालत नाही का? नसेल तर तोंडावर सांगा. साडेबाराचं ट्रॅफिक सांगू नका."

त्यांनी पेपरची घडी घातली. चष्मा काढला.

"आधी बसा. उभं राहून भांडलं की गुडघे दुखतात, मुद्दा तिथेच राहतो."

बसले.

"माझ्या आईने मला ओटी भरली तेव्हा माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती," म्हणाल्या. "आजूबाजूच्यांनी नाकं मुरडली. आई म्हणाली, ज्यांना त्रास होतोय त्यांनी जेवायला थांबू नये. सगळ्या थांबल्या. तेव्हा माझ्याकडे बघू नका."

"मग साडेबारा कुणाचे?"

उठून चहा टाकायला गेल्या. मी मागे गेले. बायका स्वयंपाकघरात खरं बोलतात म्हणून गेले.

"ऋतुजाचे," म्हणाल्या. पाठ माझ्याकडेच होती. "तिनेच सांगितलं, आईला उशिराचं बोलवा, तिला अवघड होईल. मी म्हटलं, कुणाला अवघड होईल ते नीट सांग. मग रडली आणि सांगितलं."

ऋतुजा, मी आजवर तुझ्या सासूला मनात जेवढं बोलले तेवढं सगळं मला तिथे परत मिळालं. पण ते सोड.

त्यांनी मला सांगितलं.

मागच्या जानेवारीचं. मी परत आल्यावर पंधरा दिवसांनी तुझं जे झालं ते. दोन महिने पुरे झाले होते म्हणे. म्हणजे मी तिथे होते तेव्हा तुला दिवस गेलेले होते. चहाचा वास नको म्हणायचीस. मी म्हटलं होतं, ऑफिसातल्या कॉफीने तोंडाची चव गेली. मी, तुझी आई, एवढी बाळंतपणं पाहिलेली, असं म्हणाले!

चहा गॅसवर उतू गेला. आम्ही दोघी बघत उभ्या. कुणी गॅस बंद करेना.

पुढचं उद्या लिहिते. आज हात चालत नाही.


विश्रांतवाडी, ८ डिसेंबर

पोरी,

तुझ्या मनात काय बसलंय ते त्यांनी मला सांगितलं. माझ्या हातचं कुंकू पहिलं तुला लागलं, आणि मग तसं झालं. म्हणून या वेळी माझा हात नको.

हे वाचताना तू मान खाली घालून बसली असशील. वर कर.

मी रात्रभर चिडले नाही, हे आधी सांगते. चिडायला पाहिजे होतं. मी म्हटलं असतं, एवढी शिकलीस आणि हेच शिकलीस? पण मला आठवलं, तू पोटात असताना मी बुधवारी केस धुवत नव्हते, ग्रहणात सुई धरत नव्हते, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून नऊ महिने पपईच्या झाडाखालून गेले नाही. पोटात जीव असला की बाई कशालाही घाबरते. त्यात शिक्षण कुठे आडवं येत नाही.

तुझ्या सासूबाई मात्र तुझ्यावर हसल्या, प्रेमाने. म्हणाल्या, "मी तिला म्हटलं, तुझ्या आईच्या हाताने असं होत असतं तर त्या गल्लीतल्या सगळ्या बायका आडव्या पडल्या असत्या. त्या व्हेरेना म्हातारीने तर तो काढा दोन कप पिऊन घेतला, ती बर्फात अजून फिरतेय." काढा नव्हे, माडगं, असं मी म्हटलं. मग आम्ही दोघी हसलो. मग दोघी रडलो. तू म्हणत होतीस ना, त्या कडक आहेत. कडक आहेत, पण आतून शिजलेल्या आहेत.

मला राग एकाच गोष्टीचा. तुझं मूल गेलं आणि मला कळवलं नाहीस. भीती वाटली तर भीती वाटते म्हणायचं. मी काही बोलले असते, दोन शिव्या दिल्या असत्या, मग विमान धरून आले असते. जाकीट आमोदरावांचंच घातलं असतं. तू एकटीने ते सोसलंस, नंतर ऑफिसात गेलीस आणि मला फोनवर म्हणालीस, सर्दी झालीय. ती सर्दी मला आता कळली.

आता माझं सांगते. तू लपवलंस तर मीही एक लपवलंय.

दोन तारखेच्या कागदात मी लिहिलं, बायकांचं सगळं नीट केलं. केलं नाही. करंडा कपाटात होता. घासून, पुसून, ताटात ठेवला होता, आणि पहिली बाई आल्याबरोबर मी ताट उचलून आत नेऊन ठेवलं. पुढे तिळाची वडी केली, हातावर दिली, कपाळाला हात लावला नाही. तिथे झुरिकला मी वाघीण होते. तिथे मला ओळखतं कोण? इथे सगळ्यांनी माझं कपाळ मोकळं झालेलं पाहिलंय. निशाची सासू समोर बसली होती. माझा हात वर आलाच नाही.

म्हणजे तू घाबरलीस आणि मीही घाबरले. तू तिथे, मी इथे. रक्त एकच.

पण मी घाबरून राहणार नाही, हे लिहून ठेव.

आई


विश्रांतवाडी, १३ डिसेंबर

ऋतुजा,

पाच दिवस झाले. तुझं 'टायपिंग' असं येतं, जातं, पुन्हा येतं. लिहितेस आणि पुसतेस ते मला इथे दिसतं. परवा मी डाळ फोडणीला टाकून फोन हातात धरून बसले आणि डाळ करपली. करपलेलीच खाल्ली.

इथे खिडक्या जोरात चालल्यात. काल दीनानाथरावांची झाली. काचेवर त्यांनी चित्र काढलं नाही, सोसायटीची नियमावली लावली, मागे दिवा. लोक हसून हसून बेजार. मग पेटी काढली आणि असे वाजवायला लागले की हसणारे गप्प. माणसाच्या आत काय असतं ते खिडकी उघडल्याशिवाय कळत नाही. पेटी बंद करून म्हणाले, "मिसेस गेल्यापासून हात लावला नव्हता. बेसूर झाली असेल तर तक्रार लेखी द्यावी." कुणी दिली नाही. निशाने त्यांना डबा दिला. तीन नंबरच्या मजल्यावर दोन घरं गेली दोन वर्षं पाण्याच्या टाकीवरून बोलत नव्हती, त्यांनी एकत्र हुरडा भाजला. हुरडा आपल्याकडचा नाही, विकत आणला. आपलं वावर आता पार्किंगखाली आहे. पण वास तोच आला.

हे सगळं तुमच्या गल्लीतून आणलं मी. कुणी विचारलं तर ताठ मानेने सांगते, माझी लेक झुरिकला असते, तिथली रीत आहे. तुझं नाव घेतल्याशिवाय एकही खिडकी उघडत नाही इथे. तुला माहीत असावं म्हणून सांगते.

सोळा तारीख मी ठेवून घेतलीय. महिन्यात दोनदा एकाच घराची खिडकी चालत नाही असं दीनानाथराव म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या नियमावलीत नाही, काल काचेवर वाचली मी. त्यांनी यादीत सोळापुढे माझं नाव लिहिलं.

त्या दिवशी करंडा कपाटात राहणार नाही. ताट दारातच ठेवणार. जी बाई येईल तिला मी हळदकुंकू लावणार, नवरा असो नसो. ज्यांना नको त्यांनी माडगं प्यावं आणि घरी जावं. सुशीलाबाई येणार आहेत, कर्वेनगरहून, रिक्षाने. म्हणाल्या, "सातला पोचते. मला साडेनऊला जेवायलाच या असं सांगू नका." त्यांच्या कपाळाला पहिलं लावणार. निशाच्या सासूबाईंनाही मीच जाऊन बोलावलं. काय करतील ते बघू. कुंकू वाकडं गेलं तर जाईल. लागेल तर खरं.

तुमच्याकडेही सोळाला सोळा नंबरची खिडकी. आमोदराव म्हणाले, तू नंबर सोडून दिला होतास, पण व्हेरेनाबाईंनी दुसऱ्या कुणाला दिला नाही. तुझ्यासाठी रिकामा ठेवलाय. ते तू बघ. त्यात मी पडत नाही.

मी पडते ते ओटीत.

मी विचार केला. तुला भीती वाटते आणि तुझ्या भीतीवर मी पाय देऊन पुढे यायचं, हे मला नको. तू सांगितलंस नको, तर मी दहाला येणार नाही. पण मग साडेबारालाही येणार नाही. अर्धी आई म्हणून जेवायला मी येत नाही. तिकडे माझी विहीण एकटी समर्थ आहे, ती भरेल ओटी, चांगली भरेल. बाळंतपणाला मात्र मी झुरिकला येणार. त्याला मी कुणाची परवानगी मागत नाही, तुझीही नाही. जाकीट काढून ठेवायला सांग आमोदरावांना.

आणि तू हो म्हणालीस, तर पहिली ओटी माझी. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या समोर, बरोबर दहाला. मागे कोपऱ्यात नाही, नंतर खोलीत बोलावून नाही. आणि मैत्रीसारखी कुणी आली आणि तिने विचारलं, चालतं का हे, तर उत्तर तू द्यायचं. मी नाही, सुशीलाबाई नाहीत. तू. मागच्या वेळी दिलंस त्याच्याहून बरं.

घाबरलीस तरी चालेल. घाबरत घाबरत हो म्हण. मीही सोळाला तशीच लावणार आहे.

हात जोडलेली चित्रं पाठवू नकोस. हृदयं पाठवू नकोस. दिव्याचा फोटोही नको, त्याचा अर्थ लावत बसायला मला वेळ नाही. अक्षरात लिही, हो का नाही. लिहून पुसू नकोस. सोळा तारखेला संध्याकाळी सातला मी दार उघडते, त्याच्या आत मला उत्तर पाहिजे. सतराला मंडईत जायचंय, ओटीचा नारळ मी स्वतः वाजवून घेणार आहे, आणि खण हिरवा घ्यायचा की पिवळा तेही त्याच ओळीत लिही.

पोटातल्याला माझा आशीर्वाद. हा रागातला नाही.

तुझी आई
सोजर जयसिंग

सोळा तारीख. सात वाजता. आपली वेळ.